पाणी पुढे, यादी मागे : नर्मदाकाठच्या तेहतीस गावांचे पुनर्वसन

नर्मदा महाराष्ट्राला लागून वाहते ती जेमतेम 54 किलोमीटर, आणि तीही नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून. पलीकडच्या काठाला वरच्या अंगाला मध्य प्रदेश, खालच्या अंगाला गुजरात. अलीकडे सातपुड्याचे चढ आणि त्यांवर विखुरलेले भिल, पावरा, तडवी यांचे पाडे. सरदार सरोवराच्या जलाशयाखाली या पट्ट्यातली 33 गावे आली. त्यातली 9 अक्कलकुवा तालुक्यातली आणि 24 अक्राणी, म्हणजेच धडगाव तालुक्यातली. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी वेगळा झाला. तोवर ही गावे धुळे जिल्ह्यात होती, त्यामुळे पुनर्वसनाची सुरुवातीची दप्तरे धुळ्याची आणि पुढची नंदुरबारची.

या गावांचे पुनर्वसन चार दशके चालले. जमीन मिळत नव्हती आणि यंत्रणा तोकडी होती, हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण. ते खरे आहे, पण अर्धेच. विस्थापित म्हणून कोणाला मोजायचे, हे पाणी चढू लागले तरी पुरते ठरलेले नव्हते. जमिनीचा शोध, वसाहतींची आखणी, निधीची मागणी हे सगळे एका यादीवर अवलंबून होते, आणि ती यादी प्रत्येक वेळी पाण्याच्या मागे राहिली.

धरणाची पायाभरणी पंडित नेहरूंच्या हस्ते 5 एप्रिल 1961 रोजी गुजरातमधल्या नवागाम येथे झाली. त्या वेळी ठरलेली उंची पुढच्यापेक्षा बरीच कमी होती. 1964-65 मध्ये खोसला समितीने फार मोठ्या धरणाची शिफारस केली. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी तिला विरोध केला, आणि पाण्याच्या वाटणीचा वाद मिटवण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर 1969 मध्ये न्या. व्ही. रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली नर्मदा जलविवाद लवाद नेमला. दहा वर्षांनी, डिसेंबर 1979 मध्ये, लवादाचा अंतिम निवाडा प्रसिद्ध झाला. धरणाची उंची 455 फूट, म्हणजे 138.68 मीटर ठरली. वापरायोग्य मानलेल्या 2 कोटी 80 लाख एकर-फूट पाण्यापैकी महाराष्ट्राच्या वाट्याला अडीच लाख एकर-फूट आले, म्हणजे शेकड्याला एकही नाही. विजेत मात्र 27 टक्के वाटा मिळाला. वीज राज्याला आणि बुडीत जमीन अक्राणी-अक्कलकुव्याला, असा हा हिशेब होता.

निवाड्याचे अकरावे कलम विस्थापितांविषयी आहे. भारतातल्या धरणांच्या इतिहासात ते वेगळे उठून दिसते. महाराष्ट्राने 1921 ते 1924 या काळात मुळशीचा सत्याग्रह पाहिला होता आणि पुढे कोयनेच्या विस्थापितांची परवडही पाहिली होती. रोख मोबदला हातात ठेवून माणसे उठवायची, मग ती कुठे गेली ते विचारायचे नाही, अशीच तोवरची रीत होती. राज्याने 1976 मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो या अनुभवातून. लवाद त्याही पुढे गेला. ज्याची चौथाईहून अधिक जमीन जाईल त्या प्रत्येक खातेदार कुटुंबाला किमान 2 हेक्टर ओलिताची जमीन, सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब, 60 फूट बाय 90 फुटांचा घरासाठी भूखंड. वसाहतीत शंभर कुटुंबांमागे एक प्राथमिक शाळा, पाचशे कुटुंबांमागे एक दवाखाना, एक पंचायतघर आणि एक तलाव, पन्नास कुटुंबांमागे गुरांच्या हौदासह एक विहीर आणि झाडाभोवती एक पार. पाराचा विचार करणारा लवाद विरळाच. खर्च सगळा गुजरातने सोसायचा. विस्थापितांना गुजरातमध्ये जाण्याचा किंवा आपल्या राज्यात राहण्याचा पर्याय होता. मोबदला देऊन पुनर्वसनाची व्यवस्था होईपर्यंत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातली कोणतीही जमीन बुडवायची नाही, असेही निवाड्यात स्पष्ट होते.

पण हे सारे कोणासाठी, याचा लवादाने धरलेला आकडा फार लहान होता. त्याच्यापुढे महाराष्ट्रातली 27 गावे होती, आणि त्यांत कुटुंबे धरली होती 456. पुढे गावे 33 झाली. 1990 च्या दशकात सरकारी आकडा 3,113 कुटुंबांवर गेला आणि त्यानंतर चार हजारांच्याही वर. एका पिढीत कुटुंबे वाढतात, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मोजणीच्या पद्धतीतच होते.

महाराष्ट्रात सुमारे 9,599 हेक्टर क्षेत्र बुडणार होते. त्यात नदीपात्र 1,592 हेक्टर, लागवडीखालची जमीन 1,519 हेक्टर आणि जंगल 6,488 हेक्टर. बुडणाऱ्या जमिनीतला फार मोठा भाग कागदोपत्री वनखात्याचा होता. गावकऱ्यांच्या लेखी मात्र तेच जंगल शेत होते, चराई होती, घराचे वासे होते आणि मोहाच्या दिवसांतले अन्नही होते. नदीकाठच्या मळईत रब्बीची पिके यायची, उतारावर ज्वारी, मका, बाजरी आणि बंटी-भगरीसारखी बारीक धान्ये व्हायची, नदीत मासळी होती. लवादाच्या सूत्राने मोजली जाणार होती फक्त खात्यावरची जमीन. अक्राणीतल्या अनेक गावांची नोंद दीर्घकाळ वनगावे म्हणून होती. तिथे जमाबंदी झालेली नव्हती, म्हणून सातबाराही नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या शेताला सरकारी भाषेत ‘अतिक्रमण’ म्हणत. ज्याच्या नावावर काहीच नाही तो खातेदार नाही, आणि खातेदार नाही त्याला 2 हेक्टर नाहीत.

ही फट पहिल्यांदा बाहेरून दाखवली गेली. जागतिक बँकेने 1985 मध्ये प्रकल्पाला 45 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. विस्थापितांचे राहणीमान किमान पूर्वीइतके तरी राहिले पाहिजे, अशी अट त्या करारात होती. भूमिहीन आणि अतिक्रमणधारक यांना बाजूला ठेवून ती पुरी होणे अशक्य होते. गुजरातने 1987 च्या अखेरीस धोरण बदलून भूमिहीन, अतिक्रमणधारक आणि सज्ञान मुलगे या सर्वांना 2 हेक्टर देण्याचे ठरवले. महाराष्ट्राचे धोरण तितके सैल नव्हते. इथे भूमिहीन शेतमजुराच्या वाट्याला एक एकर होता आणि 31 मार्च 1978 पूर्वीच्या अतिक्रमणधारकाला खातेदार मानले जाई. एका बाबतीत मात्र महाराष्ट्र पुढे होता. अविवाहित सज्ञान मुलींनाही प्रत्येकी एक हेक्टर जमीन देण्याचा निर्णय या राज्याने घेतला. जमीन बापाकडून मुलाकडेच जायची या गृहीतावर बांधलेल्या व्यवस्थेत ही मोठी भर होती.

1978 ची तारीख कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात ती सिद्ध करायची कशी, यावर एकेका पाड्याचे भवितव्य अडले. पुरावा म्हणून वनखात्याने केलेल्या दंडाची जुनी पावती सगळ्यांत वजनदार ठरे. राखीव जंगलात नांगर धरल्याबद्दल ज्याला वनरक्षकाने कधीकाळी दंड केला आणि ज्याने ती चिठ्ठी घराच्या कुडात खोचून जपली, त्याचा हक्क उभा राहिला. वनरक्षक ज्याच्या शेतापर्यंत कधी पोचलाच नाही, किंवा ज्याने पावतीशिवायच पैसे मोजले, त्याच्याकडे दाखवायला काही नव्हते. सज्ञान मुलांचेही तसेच. ज्या गावात शाळा नाही आणि जन्मनोंद नाही, तिथे ठरावीक तारखेला अमुक मुलगा अठराचा होता की नव्हता, हे शेवटी अंदाजावरच ठरायचे. अशा रीतीने विस्थापितांचे दोन वर्ग पडले आणि अजूनही त्याच शब्दांनी ओळखले जातात : ‘घोषित’ (सरकारी यादीतले) आणि ‘अघोषित’ (यादीबाहेर राहिलेले). दोघांची घरे एकाच पाण्यात जायची होती.

याच सुमारास खोऱ्यात संघटन उभे राहत होते. मेधा पाटकर 1985 मध्ये या गावांतून फिरू लागल्या. महाराष्ट्राच्या बाजूला नर्मदा धरणग्रस्त समिती स्थापन झाली, आणि तिन्ही राज्यांतल्या संघटना एकत्र येऊन पुढे नर्मदा बचाओ आंदोलन उभे राहिले. सुरुवातीच्या मागण्या माहितीच्या होत्या : किती पाणी येणार, केव्हा येणार, जमीन कुठे देणार. समाधानकारक उत्तरे न मिळाल्यावर 1988 पासून आंदोलनाने धरणालाच विरोध पुकारला. कोणी हटणार नाही, ही भूमिका घेतल्यावर सर्वेक्षणावर बहिष्कार ओघानेच आला. बहिष्काराचा परिणाम दुहेरी झाला. जगाचे लक्ष या पाड्यांकडे वळले ते त्यामुळेच. पण मोजणी अपुरी राहिली याचे खापर प्रशासनाला गावकऱ्यांवर फोडता आले, आणि प्रत्येक अपुऱ्या यादीला एक तयार सबब मिळाली. मोजणी नाकारणाऱ्या गावाचीही जमीन बुडणारच होती. त्यामुळे लेखी हक्क नोंदवण्याची जबाबदारी सरकारवरून सरत नव्हती, हे मात्र तेव्हाच्या कागदपत्रांत क्वचितच मान्य केलेले दिसते.

महाराष्ट्रातल्या पुनर्वसनावर देखरेख आणि मूल्यमापन करण्याचे काम मुंबईच्या टाटा समाज विज्ञान संस्थेकडे होते. गुजरातसाठी सुरतेचे सामाजिक अध्ययन केंद्र आणि मध्य प्रदेशासाठी सागर विद्यापीठ हेच काम करत होते. एका सरकारी कामाची पाहणी तीन शैक्षणिक संस्थांनी सलग करावी, ही गोष्ट तेव्हाच्या मानाने अपूर्व होती. पाहणीचे अहवाल आले, काही छापलेही गेले. त्यांतून काय सुधारले, हे मोजणे अवघड आहे.

आता जमीन. अक्राणी-अक्कलकुव्यातल्या कुटुंबांना महाराष्ट्रातच वसवायचे तर सपाट जमीन लागणार, आणि ती सातपुड्याच्या पायथ्याला तळोदा-शहादा पट्ट्यात. तिथली काळी जमीन बागायतदारांची होती आणि महाग होती. उरले तळोद्याचे राखीव जंगल. वनसंवर्धन कायद्यामुळे केंद्राची परवानगी आवश्यक होती. 1990 मध्ये केंद्रीय पर्यावरण आणि वन मंत्रालयाने 2,700 हेक्टर जंगल यासाठी मोकळे केले, 1994 मध्ये आणखी सुमारे 1,500 हेक्टर. एका धरणासाठी हजारो हेक्टर जंगल बुडणार होते, आणि त्याच्या विस्थापितांसाठी दुसरे चार हजार हेक्टर तुटले. तळोद्याचे हे जंगलही रिकामे नव्हते. आसपासचे भिल शेतकरी त्यात बरीच वर्षे शेती करत होते, आणि त्यांचीही नोंद ‘अतिक्रमण’ अशीच होती. एका आदिवासीला जमीन द्यायची म्हणून दुसऱ्याच्या हातची काढायची वेळ आली, आणि नव्या वसाहतीत उतरणाऱ्यांचे पहिले भांडण शेजाऱ्यांशीच झाले.

सोमावल, रोझवा, रेवानगर, नर्मदानगर, सरदारनगर या वसाहती या जमिनीवर वसल्या. गाव उठवण्याचे काम घर मोडण्यापासून सुरू होई. सागाचे खांब, वासे, बांबूच्या ताट्या, कौले, कणग्या, जाते हे सगळे बार्जवर किंवा ट्रकमध्ये चढायचे, कारण नव्या जागी सागाचे लाकूड मिळणार नव्हते. गुरे पायी डोंगर उतरायची. नव्या जागी दगड रोवून आखलेले भूखंड, टिनाचे तात्पुरते निवारे, हातपंप आणि रांगेत घरे. पावरा आणि भिल वस्तीत घरे अशी रांगेत नसतात. प्रत्येक घर आपापल्या शेताच्या बांधावर असते आणि शेजार हाकेच्या अंतरावर. 60 बाय 90 चा भूखंड लवादाच्या दृष्टीने मोठा होता, तरी त्यावर गुरांचा गोठा, चाऱ्याचा माळा आणि परसातला भाजीपाला मावत नसे. शेतात तोडलेल्या झाडांचे बुंधे होते आणि ते उपटल्याशिवाय नांगर चालत नव्हता. ओलिताची जमीन देण्याचे वचन होते. प्रत्यक्षात अनेकांना पहिली वर्षे पावसावरच काढावी लागली. सरपण आणि चराई यांचा तुटवडा तर कायमचाच. डोंगरात जे फुकट मिळत होते ते खाली विकत घ्यावे लागले, आणि त्यासाठी मजुरीला जाणे भाग पडले.

काही कुटुंबांनी गुजरातचा पर्याय घेतला. महाराष्ट्राच्या हद्दीतले नदीकाठचे पहिले गाव मणिबेली. तिथली अनेक कुटुंबे वडोदरा जिल्ह्यातल्या परवेटा इथे गेली. गुजरातचे पॅकेज मोठे होते : 2 हेक्टर जमीन, वर्षभराचा 4,500 रुपये निर्वाह भत्ता, अवजारांसाठी वेगळे अनुदान. तरी परवेट्यालाही पाणी आणि चराईच्या तक्रारी सुरू झाल्या. एका गावाची माणसे दोन राज्यांत वाटली गेली, काही वर, काही खाली, काही मुळातच हलली नाहीत. गावातली कामे लाह पद्धतीने, एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबून, उरकणाऱ्या समाजात ही फूट केवळ भावनेची नव्हती. पेरणीला माणूस कमी पडू लागला.

जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स आणि टॉमस बर्जर यांच्या स्वतंत्र समितीने जून 1992 मध्ये अहवाल दिला. त्या वेळच्या परिस्थितीत सर्वांचे पुनर्वसन शक्य नाही, असा तिचा निष्कर्ष होता. बँकेने मुदती आणि अटी घातल्या, आणि त्या पाळण्याऐवजी भारत सरकारने मार्च 1993 च्या अखेरीस उरलेले कर्जच नाकारले. बाहेरची देखरेख संपली, बांधकाम चालू राहिले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीतली घरे पाण्याखाली गेली. तिथले शूलपाणेश्वराचे जुने मंदिरही जलाशयात गेले आणि गुजरातमध्ये गोरा येथे नवे बांधले गेले. देवाच्या स्थलांतराचे काम माणसांच्या आधी उरकले, असे खोऱ्यात म्हटले जाई ते अगदीच चूक नव्हते. नोव्हेंबर 1993 मध्ये अक्राणीत सर्वेक्षणाला विरोध होत असताना पोलिसांनी केलेल्या गोळीबारात एका आदिवासी किशोराचा मृत्यू झाला. मोजणीवरून माणूस मारला जाण्याचा हा प्रसंग त्या काळच्या ताणाची कल्पना देतो.

1994 मध्ये आंदोलन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1995 मध्ये धरण 80.3 मीटरवर थांबले. 1999 मध्ये 85 मीटरपर्यंत परवानगी मिळाली. त्या पावसाळ्यात डोमखेडी गावात सत्याग्रही पाण्यात उभे राहिले. 18 ऑक्टोबर 2000 रोजी न्या. बी. एन. किरपाल आणि सरन्यायाधीश ए. एस. आनंद यांच्या बहुमताने निकाल लागला. धरण 90 मीटरपर्यंत जावे, पुढचा प्रत्येक टप्पा पुनर्वसनाच्या बरोबरीने घ्यावा. न्या. एस. पी. भरूचा यांनी असहमती नोंदवली. महाराष्ट्रात तक्रार निवारण प्राधिकरण त्याच वर्षी स्थापन झाले आणि निवृत्त न्यायमूर्ती एस. पी. कुर्डूकर त्याचे अध्यक्ष झाले.

‘बरोबरीने’ या अटीत सगळे व्यवस्थापन आले. इंदूरच्या नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाच्या पुनर्वसन उपगटाने पुढच्या टप्प्याला मान्यता द्यायची. त्यासाठी राज्याने अमुक मीटर पातळीखालच्या सर्व कुटुंबांना जमीन दिल्याचा कृती अहवाल पाठवायचा, आणि तक्रार निवारण प्राधिकरणाने तो तपासायचा. कृती अहवालात कुटुंब असे तेव्हाच मोजले जाते जेव्हा ते घोषित असते. अघोषित कुटुंबाचे घर त्या पातळीखाली असले तरी तक्त्यात त्याला रकाना नाही. म्हणून कागदावर पुनर्वसन पूर्ण दिसायचे आणि नदीकाठी मात्र माणसे राहत असायची. ही खोट कोणा एका अधिकाऱ्याची नव्हती. तक्त्याची रचनाच तशी होती, आणि प्रत्येक नवा अधिकारी तोच तक्ता पुढे भरत गेला.

2001 मध्ये महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती एस. एम. दाऊद यांची समिती नेमली. समिती गावांत आणि वसाहतींत फिरली आणि पुनर्वसन अपुरे असल्याचा तिने निष्कर्ष दिला. नंतरच्या वर्षांत नंदुरबारमध्ये जे घडले ते या साऱ्या इतिहासात बहुधा सर्वांत उपयोगी ठरले. सरकारी अधिकारी आणि आंदोलनाचे कार्यकर्ते गावकऱ्यांसह एकत्र बसून यादीची पडताळणी करू लागले. पाड्यापाड्यावर जाऊन घर, शेत, कुटुंब यांची नोंद झाली आणि वगळलेल्या नावांवर चर्चा झाली. एकमेकांना न्यायालयात खेचणारे दोन पक्ष एकाच चावडीवर कागद चाळत होते. अघोषित कुटुंबांपैकी अनेकांची नावे त्यामुळे घोषितांत आली. हवी ती जमीन तेवढ्याने मिळाली नाही. तळोद्याचे जंगल संपले होते, म्हणून शासनाने तळोदा-शहादा भागात खासगी जमीन विकत घ्यायला सुरुवात केली. वडछील, वाडी-जावदा, गोपाळपूर अशा वसाहती मागाहून वाढल्या. मध्य प्रदेशाने याच काळात अनेकांना जमिनीऐवजी रोख रकमेचे पॅकेज दिले. महाराष्ट्राने जमिनीऐवजी जमीन हे सूत्र तुलनेने टिकवले, आणि तो फरक आजही दिसतो.

पाणी मात्र यादीसाठी थांबले नाही. 2002 मध्ये उंची 95 मीटर, 2003 मध्ये 100, 2004 मध्ये 110.64 आणि 2006 मध्ये 121.92 मीटर झाली. 15 मार्च 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन महत्त्वाचे मुद्दे निकालात काढले. खातेदाराचा प्रत्येक सज्ञान मुलगा स्वतंत्रपणे 2 हेक्टरांचा हक्कदार आहे, आणि ‘तात्पुरते’ बुडणाऱ्यांना कायमच्या बुडीतांपासून वेगळे काढता येत नाही. सज्ञान मुलाचा मुद्दा लवादाने 1979 मध्येच लिहून ठेवला होता. तो पुन्हा मान्य करून घ्यायला पंचवीसहून अधिक वर्षे लागली.

2006 च्या पावसाळ्यात पाण्याने आणखी एक गोष्ट नेली. अक्राणीतल्या बिलगाव इथे 2003 मध्ये केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीच्या मदतीने आणि गावकऱ्यांच्या श्रमदानातून पंधरा किलोवॉटचे छोटे जलविद्युत केंद्र उभे राहिले होते. वीज मंडळाच्या तारा ज्या गावात पोचल्या नव्हत्या, तिथे पहिला दिवा त्या केंद्राने लावला. ऑगस्ट 2006 मध्ये ते पाण्याखाली गेले. सरदार सरोवराची 27 टक्के वीज महाराष्ट्राची असताना बिलगाव पुन्हा अंधारात गेले.

इथवरच्या हकिकतीला एक व्यापक संदर्भ आहे. संयुक्त राष्ट्रांनी 1998 मध्ये अंतर्गत विस्थापनाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे मांडली. युद्ध आणि आपत्ती यांच्या जोडीला त्यांनी मोठ्या विकास प्रकल्पांमुळे होणारे विस्थापनही धरले. सार्वजनिक हिताची ठोस आणि अनिवार्य गरज नसेल तर असे विस्थापन करू नये, असे त्यात म्हटले आहे. समाजशास्त्रज्ञ मायकेल सर्नीआ यांनी विस्थापितांवर येणारे आठ धोके मांडले : जमीन जाणे, काम जाणे, घर जाणे, समाजाच्या काठावर ढकलले जाणे, अन्नाची असुरक्षितता, आजारपण, सामायिक साधने गमावणे आणि समाजाची वीण उसवणे. नंदुरबारच्या योजनेने जमीन आणि घर हे दोन धोके मनापासून हाताळले. सामायिक साधने हा रकानाच नव्हता, आणि तळोद्याच्या वसाहतीत सरपणाची मोळी विकत घेणाऱ्या बाईला त्याची किंमत रोज मोजावी लागली. अशी तत्त्वे असूनही भारतात अंतर्गत विस्थापितांसाठी वेगळा कायदा नाही. त्यामुळे ही माणसे मदतकार्याच्या कक्षेत येत नाहीत. ती महसूल खात्याच्या कक्षेत येतात, आणि शिबिरे-वाटप याऐवजी मोजणी, सातबारा आणि निवाडा ही त्यांच्या मदतीची साधने ठरतात.

डोंगरात उरलेल्यांना मात्र खरोखरचे मदतकार्य लागले. 33 गावांपैकी अनेकांचा फक्त खालचा भाग बुडाला. वरच्या पाड्यांवरचे लोक मूळगावातच राहिले. काहींना घोषित व्हायचे होते, काहींना जायचेच नव्हते. नदीतून होणारी येजा पूर्वी डुंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, होई. आता त्या जागी रुंद, खोल जलाशय आला. जुन्या पायवाटा बुडाल्या आणि काही पाड्यांची अवस्था टापूंसारखी झाली. अशा पाड्यांपर्यंत आरोग्य खात्याने बोटीवरचा तरंगता दवाखाना चालवला. त्याच्या फेऱ्या इंधन, हवामान आणि डॉक्टरांच्या रिक्त जागा यांवर अवलंबून राहिल्या. 2020 मध्ये कोरोनाच्या काळात चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेने स्वतः होडी वल्हवत सुमारे 18 किलोमीटर अंतर कापून अलिगट आणि दादर या पाड्यांवरच्या गरोदर बायका आणि बाळांपर्यंत पोषण आहार पोचवला. पुढच्या वर्षी लसीकरणासाठी जिल्हा प्रशासनानेही बोटीच वापरल्या.

शिक्षणाची पोकळी आंदोलनाच्या जीवनशाळांनी भरली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी आणि निमगव्हाण इथून त्या सुरू झाल्या. सुरुवातीच्या वर्षांत पावरी-भिलोरीतून शिकवायचे, मग मराठीकडे न्यायचे. गुरुजी त्याच पाड्यांतले. ज्या गावांत सरकारी शाळा कागदावर होती पण शिक्षक क्वचित फिरकत, तिथे या निवासी शाळांतून पहिली शिकलेली पिढी बाहेर पडली, आणि ग्रामपंचायतीत, आश्रमशाळेत, पंचायत समितीत तीच बसली. वसाहतीतही काही बदल झाले. पाणीपुरवठा आणि वीज आली, काही वसाहतींना महसुली गावाचा दर्जा मिळाला. जलाशयातली मासेमारी विस्थापितांच्या सहकारी संस्थांना मिळावी, ही मागणी दीर्घकाळ लढवली गेली आणि काही प्रमाणात मान्यही झाली. नदीकाठच्या आदिवासीला माशांचा ठेका मिळवण्यासाठी अर्ज करावा लागतो, यात मौज आहे, पण त्यातून काही घरांना रोख पैसा मिळू लागला.

12 जून 2014 रोजी धरण 138.68 मीटरपर्यंत नेऊन दरवाजे बसवण्याची परवानगी मिळाली. 8 फेब्रुवारी 2017 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या जमीन न मिळालेल्या कुटुंबांसाठी रोख रकमा ठरवल्या, आणि महाराष्ट्र व गुजरातने राहिलेले पुनर्वसन तीन महिन्यांत संपवावे असे सांगितले. 17 सप्टेंबर 2017 रोजी धरणाचे लोकार्पण झाले. 2019 च्या सप्टेंबरमध्ये जलाशय पहिल्यांदा पूर्ण पातळीपर्यंत भरला. लवादाच्या निवाड्याला तेव्हा चाळीस वर्षे पुरी होत आली होती. त्या वेळीही नंदुरबारमध्ये अघोषितांचे दावे प्रलंबित होते. काही कुटुंबांना दिलेली जमीन खडकाळ किंवा वादातली असल्याच्या तक्रारी होत्या, आणि निवाड्यानंतर वाढलेल्या पिढीचा, म्हणजे घोषित कुटुंबांच्या नातवंडांचा, हिशेब कोणत्याच यादीत नव्हता. वसाहतीत 2 हेक्टर घेऊन आलेल्या बापाची जमीन आता मुलांत आणि नातवांत वाटली जात आहे. डोंगरात लोकसंख्या वाढली की नवा उतार मोकळा व्हायचा. तळोद्याच्या वसाहतीत प्रत्येक वाटणीनंतर एका घराच्या हाती येणारी जमीन कमी होत जाते, आणि ऊसतोडीसाठी, बांधकामासाठी गुजरातकडे जाणाऱ्या तरुणांची संख्या वाढत जाते.